वादी विरुद्ध बलदिया

कोरड्या नदीला इथे वादी म्हणतात.
मला आधी कोर्टच आठवलं.
काका सावंतवाडीला बेलिफ होते,
जेवायला बोलवायचे तेही पुकारा करून.
शिनासला येऊन अकरा वर्षं झाली,
बलदियात, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नकाशे काढतो,
आणि खिडकीतून रोज ती दिसते:
गोटे, काटेरी झुडपं, एक उलटलेली हातगाडी.
फिर्याद घेऊन बसलेली,
तारीख न मिळालेली.

यंदा वरून कागद आला. आपत्ती आराखडा, नव्वद दिवसांत.
पूर, वादळ, भूकंप,
आणि कारखान्यातला अमोनिया,
ज्याच्यासाठी आधी वाऱ्याला विचारावं लागतं.
टेबलाच्या डोक्याशी इंजिनिअर हमूद बिन खल्फान.
खजूर, कहवा, प्लॉटरचा गरम वास.
पुराचा पट्टा मी लाल रंगवला.
लाल पट्ट्यात राहतात किती?
तक्ता म्हणाला, शून्य.

मला माहीत होतं,
शून्य संध्याकाळी सहाला बसमधून उतरतं,
एका नळावर ओळीने अंघोळ करतं,
शून्याच्या दोऱ्यांवर एकशे चाळीस लुंग्या वाळतात.
शून्यातला तपेंद्र खत्री दर शुक्रवारी मला
पत्र्यावर चढवलेला भोपळा दाखवतो,
हात लावू देत नाही.
कागदोपत्री ते गोदाम आहे.
पाइप, सिमेंट, इतर साहित्य.

नकाशाच्या सूचीत मशिदीला चिन्ह आहे,
शाळेला, दवाखान्याला, उंटांच्या गोठ्याला,
पेट्रोल पंपालासुद्धा एक थेंब.
झोपलेल्या माणसाला नाही.
मी एक आडवी रेघ काढली, टोकाला टिंब.
एकशे चाळीस वेळा. जेवणाची सुट्टी त्यात गेली.
"हे काय, गवत?" हमूदने विचारलं.
म्हटलं, "साहित्य. इतर."

तो हसला नाही.
गाडी काढली, सरळ पात्रात नेली.
एका बोरीसारख्या झाडाखाली उभा राहून हात वर केला.
बोटं पोचत नव्हती तिथे, बेचक्यात,
वाळलेला पाला, चटईचा तुकडा,
आणि लहान मुलाची एक चप्पल.
"मी तेव्हा नववीत होतो."
एवढंच म्हणाला.
चप्पल कोणाची, मी विचारलं नाही.

भोंगा मंजूर झाला.
पण भोंग्यानंतर बोलायचं काय?
मसुद्यात होतं: रहिवाशांनी सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे.
हिशेबनीस परकार, दाभोळचे, चष्मा काढून म्हणाले,
वाक्य संपेस्तोवर पाणी गळ्याशी येईल.
तुमच्या आया काय ओरडतील तेवढं बोला.
मग एकेकाला बोलावून रेकॉर्ड केलं.
तपेंद्र नेपाळीत बोलला, मोतालेब बंगालीत,
कँटीनचा कुंजुमोन मल्याळममध्ये, तेही इतकं खरं
की बाहेरचा शिपाई उठून उभा राहिला.
माझी पाळी आली तेव्हा घसा बसला.
उठा रे. पाणी इला. वयर चला.
ऱ्हवांदेत त्यो चपलो.

त्या एकशे चाळिसांत मालवणी कळणारा एकही नाही.
हमूद म्हणाला, राहू दे.

आराखड्याच्या तीन प्रती झाल्या, शिक्के बसले.
छावणी तिथेच आहे, भाडेकरार मार्चपर्यंत.
महिन्यातून एकदा भोंग्याची चाचणी होते,
उंट माना वळवतात,
तपेंद्र भोपळ्याला पाणी घालत राहतो.

खिडकीत वादी हजर आहे.
काका असते तर तीनदा पुकारा करून म्हणाले असते,
प्रतिवादी कुठाय?
पान सत्तेचाळीस उघडून बसलोय मी.
टेकडीवरच्या शाळेची किल्ली रात्री कोणाकडे असते,
तो रकाना अजून रिकामा आहे.