अर्थाचा रकाना

साल, दोन अक्षरं, पुढे आकडे.
कक्षा पक्की होईस्तोवर
दगडाला एवढंच.
मग अर्ज येतो: नाव सोळा अक्षरांत,
अर्थ चार ओळींत.

बोद्दूल नरसय्या, अशोक चौक,
माग नंबर सात.
अठ्ठावीस वर्षं मुकादमाची हाक
"ए सात!"
आणि नाना वळून बघायचे.

नाव बसलं सोळात.
अर्थापाशी अडलो.
विचारलं, तर चादरीची किनार
अंगठ्यानं चाचपत म्हणाले,
"धोट्यासारखा जातो, येतो का रे तो?"
येतो की, चार वर्षांत एक फेरी.
"मग तिकडं सूत तुटलं तर
बघतं कोण?"

मी लिहिलं होतं: सोलापूरचा विणकर.
खोडलं.
लिहिलं: तुटलेलं सूत
खडखडाटातही ऐकू येणारा.