रुबार्ब

हायवे सोडला की आधी दिसतं ते धान्याचं कोठार.
उंची तेवढीच, फक्त नाव पुसलंय.
शाळेच्या बसचा थांबा म्हणजे एक वाकडा खांब होता,
कुणीतरी तो सरळ केलाय. उगाच.

बाबा इथे गुरांचे डॉक्टर.
रात्री फोन वाजला की लेंग्यावरच कोट चढवून निघायचे,
पहाटे बर्फ आणि शेण
एकदमच घरात यायचं.
आई म्हणायची, सातासमुद्रापार आलात
आणि गाठलात काय, तर गोठा!

गॅरेजमागे लिंडक्विस्टबाईंनी लावून दिलेला रुबार्ब.
"ह्याचा पाय कर," म्हणाल्या. आईने स्वतःच्या पायाकडे पाहिलं.
मग गुळाऐवजी ब्राउन शुगर,
साताऱ्याहून आणलेल्या मेथ्या,
आणि मेथांबा.
बाईंनी तो वर्षभर टोस्टला लावून खाल्ला,
दर रविवारी डोळ्यांत पाणी, आणि "लव्हली".

आज दारात निळी सायकल. अनोळखी कुत्रा.
सात-आठ वर्षांची मुलगी: "कोण हवंय?"
मला कुणाचंच नाव सुचेना.
विचारलं, मागे रुबार्ब आहे का गं अजून?
"आहे. पण पानं नाही खायची, विषारी असतात."
इथल्या पहिल्या उन्हाळ्यात
कमरेवर हात ठेवून
आईला हेच बजावलं होतं मी,
शाळेतून नुकतंच शिकून.

तिने दोन दांडे उपटून दिले, मातीसकट.
लिंकन येईपर्यंत गाडीत आंबट वास,
आणि डोक्यात एवढंच, की
रविवारी मेथ्या कुठे मिळतील.