हक्क राखून

फ्रिजच्या मागची भिंत अजून काळी आहे.
मी ती रंगवू दिलेली नाही.

घणसोली, दुसरा मजला, खाडीकडची बाजू.
आग सोळा मिनिटांची.
बंब आला तेव्हा विझत आलेली,
पुढचं नुकसान पाण्याचं, असं त्यांचं म्हणणं,
आणि पाण्याचा रकाना वेगळा.

सर्व्हेअर आले, टेंभेकर,
बूट न काढता.
एका हाताने फोटो काढत,
खांद्याला धरलेल्या फोनवर कुणाला तरी
पनवेलचा रस्ता सांगत.
ओटा किती वर्षांचा?
अकरा, मी म्हणाले.
त्यांनी माझ्या ओट्यातून अकरा वर्षं वजा केली.
संदेशच्या हळदीला ज्यावर दीडशे माणसांचं वाटण झालं
ते वर्षही त्यात गेलं.

मग पॅनेलवरचा कंत्राटदार.
पॅनेल म्हणजे काय विचारलं तर हसला.
"मॅडम, कंपनीचा माणूस आहे मी,
तुम्हाला काही बघायलाच नको."
घर माझं. हप्ता माझा, एकदाही न चुकलेला.
आणि माझ्या पायाखाली कुठली फरशी यावी
हे ठरवणाऱ्याने
माझ्या घरचा चहासुद्धा घेतलेला नाही.

चार दिवसांत भेगांवर पुट्टी, पुट्टीवर पांढरा रंग.
फरशी "जवळच्या शेडची".

मी रबाळ्याला सत्तावीस वर्षं माल तपासलाय.
व्हॉल्व्ह. वरून चकाकणारे,
ओतताना पोटात हवा राहिलेले.
पर्समधून रुपया काढला
आणि भिंतीवर ठोकत गेले, कान लावून.
टण. टण. टण.
बद्द.
खिडकीच्या वर, बीमच्या खाली, तीन फूट
बद्द.
"नवं प्लास्टर आहे, बोलतं थोडं," तो म्हणाला.
बोलू दे की. मी ऐकतेय.

मग कागद आला.
संपूर्ण व अंतिम समाधान.
खाली रेघ, रेघेशेजारी पेन्सिलची फुली,
इथे सही.
फुली पाहिली आणि आय आठवली.
मिठागराच्या कागदावर
साहेबाने तिचा अंगठा स्वतः धरला होता,
पहिलीतल्या पोराचा धरतात तसा, मायेने.
"काय लिवलंय त्यान?"
"तुमच्या भल्याचंच."
पुढे मरेपर्यंत तांदूळ निवडताना
तो अंगठा ती बाजूला धरायची.

मी शाळा शिकले, तिच्याच मिठावर.
म्हणून मागितलं:
अहवालाची प्रत द्या.
बीम कुणी तपासला, त्याचं नाव द्या, शिक्का द्या.
माझ्या मिस्त्रीचाही भाव ऐका.
आणि सहा महिन्यांनी हे प्लास्टर ताटात पडलं
तर उत्तर कोण देणार,
कंपनी, पॅनेल, की टेंभेकरांचे बूट?

फोनवरची मुलगी गोड होती.
"मॅम, सही नाही केलीत तर पेमेंट अडकेल."
तिचा दोष नाही.
तिच्याही कागदावर कुणी फुली मारून दिली असेल.

संदेश म्हणतो, सोड ना आये,
किती दिवस हॉलमध्ये शिजवणार?
बत्तीस झाले.
शेगडी टीव्हीच्या टेबलावर,
बातम्यांना बोंबलाचा वास.

काल सही केली.
रेघेच्या वर आधी लिहिलं, बारीक पण सुटं सुटं:
काम मान्य नाही.
देताय तेवढी रक्कम घेते, तेवढीच.
हक्क राखून.
मग तारीख, मग नाव, बापाच्या नावासकट.
झेरॉक्स काढली. पोच घेतली.
गोल शिक्का पुरता उमटलाय का
ते दारात जाऊन उजेडात पाहिलं.
लोकपालांचा पत्ता गॅसच्या पुस्तकात
घडी करून ठेवलाय.

सोमवारी रंगारी पाठवतो म्हणतात.
पाठवा. दार मी उघडीन.
रुपया ओट्यावर काढून ठेवलाय.