कटिबद्ध

सकाळी पावणेआठला काचेवरचा बर्फ खरवडायचा,
हीटर लावून गाडीत पाच मिनिटं बसायचं,
मग डुलुथच्या कौंटी कचेरीत, तळघरात,
जिथे क्विलस्टोन चालतं
आणि ते चालवणारी मी, मार्लिस टॉर्सन,
पेन्शनला चार वर्षं दोन महिने.

बोटींचे परवाने, कुत्र्यांचे बिल्ले,
गोठलेल्या तळ्यावर झोपडी टाकायची परवानगी,
मेलेल्यांचे दाखले,
सगळ्यांची पानं मी लिहिली सत्त्याण्णव सालापासून,
अशा एका भाषेत
जिला मालक आहे.

हे आईला सांगितलं तेव्हा ती हसली होती.
ती विणताना टाके नॉर्वेजियनमध्ये मोजायची,
कुणाला भाडं न देता.

आम्ही देतो. दर मार्चला.
आधी डॅरेल यायचा चेक न्यायला,
जेवणात मासाच हवा म्हणायचा, मुलांची नावं विचारायचा.
मग डॅरेलच्या जागी फोनवर एक बाई,
बाईच्या जागी एक ईमेलचा पत्ता,
त्यावर लिहिलं की लगेच उत्तर येतं :
तुमचं म्हणणं आमच्यासाठी मोलाचं आहे.
मधे कंपनी दोनदा विकली गेली.
कपाटाबरोबर आतले हँगर जातात
तसे आम्हीही गेलो असणार.

ऑक्टोबरात मिनीॲपोलिसला वार्षिक संमेलन.
एके काळी आठशे माणसं, खुर्च्या कमी पडायच्या.
या वेळी त्रेचाळीस. मी मोजली, नॉर्वेजियनमध्ये.
केक उरला. टी-शर्ट उरले ते सगळे डबल एक्स्ट्रा लार्ज.
फार्गोच्या शाळाखात्यातला ऑर्विल उठला,
माइक नको म्हणाला :
पुढची आवृत्ती कधी?
मंचावरचा मुलगा म्हणाला,
आम्ही कटिबद्ध आहोत.

कटिबद्ध.
म्हणजे कंबर कसलेली.
पण कंबर तर माणूस लढायला कसतो
आणि लांब निघून जायलाही.

शेजारच्या टेबलावर टू वांग, वय एकोणतीस.
तो म्हणतो, दोन वर्षं द्या, सगळं नव्याने लिहू,
बिनमालकाच्या भाषेत.
मी म्हणते, चालतंय ना?
तो म्हणतो, चालतंय, हीच तर अडचण आहे,
बंद पडलं असतं तर पैसे मिळाले असते.

शनिवारी त्याने मला तळ्यावर नेलं.
गिरमिटाने भोक पाडलं, पट्टी घातली : नऊ इंच.
माणसाला चार पुरतात, ट्रकला निदान बारा.
वीस पावलांवर दुसरं भोक : सहा.
तरी पलीकडे कुणाचा तरी ट्रक उभा होता,
आत रेडिओ चालू.
मग खालून आवाज आला,
लांबवर कुणी लोखंडी दार आपटावं तसा.
मी जागच्या जागी थिजले.
टू म्हणाला, घाबरू नका, बर्फ वाढताना वाजतो.
आणि फुटताना?
तेव्हाही वाजतो, तो म्हणाला,
आणि गळाला आमिष लावू लागला.

सोमवारी पत्र. भाडं अठरा टक्क्यांनी वाढलंय,
तीन वर्षांचं एकदम भरलं तर नाही.
साहेबीण, ग्रेचेन प्रिबिल, दारात कोट घालूनच उभी :
घ्यायचं का तीन वर्षांचं? तुला काय वाटतं?
तीन वर्षं. वर माझे चौदा महिने.
ते भिजत घोंगडं मी टूच्या टेबलावर ठेवून जाणार,
की क्विलस्टोनच मला निरोप देणार, केक आणून,
की मीच त्याला?

एवढ्यात फोन वाजला.
टू हार्बर्सकडचा कुणी म्हातारा, बोटीचा परवाना हवा होता.
सगळं भरलंय म्हणाला, नाव, लांबी, इंजिन,
पण 'पुढे' म्हणून जे बटण असतं ते दिसत नाही.

मी म्हटलं, फोन आडवा धरा.

बराच वेळ पलीकडे नुसता श्वास.
ग्रेचेन अजून दारात.