नोंदवही

तंबूचा एक खांब रेजायनालाच राहिला
हे कळलं तेव्हा तीनशे किलोमीटर मागे पडले होते.
लॉर्न म्हणाला, काठीला काय तोटा?
आणि उतरून चौफेर बघितलं त्यानं.
जवस, मोहरी, पुन्हा जवस, वर आभाळ.
झाड म्हणून एक नाही.

मेथोडीनं शेवटी चर्चचा झाडू दिला.
त्याच्या दांड्यावर उभं राहिलं आमचं बिऱ्हाड
बंद पडलेल्या धान्यकोठाराच्या सावलीत,
ज्याच्या भिंतीवर गावाचं नाव अर्धंच उरलंय.
अर्धं वाऱ्यानं नेलं.
गावही साधारण तेवढंच नेलं.

सातवीत एका बाकावर बसायचो आम्ही तिघं.
शाळेचा आता नुसता पाया, आणि हातपंप.
हापसला.
आधी खोकला, मग गंज, मग पाणी,
तेच, दात शिवशिवणारं.
लॉर्ननं तोंड लावलं, शर्ट भिजवला
आणि बाई आल्या का म्हणून मागे बघितलं.
एकाहत्तर वर्षांचा माणूस.

संध्याकाळी मेथोडीनं चर्चचं कुलूप काढलं.
त्याच्या आजोबांनी चिखल-पेंढ्यानं लिंपलेल्या भिंती,
वर पत्र्याचा घुमट, कांद्यासारखा.
आत मेणाचा, उंदरांचा, ओल्या लोकरीचा वास.
दाराशी पाहुण्यांची नोंदवही.
उघडली, तर भरलेली!
जूनमध्ये विनिपेग, कीव, लिमा,
ओसाकाचं एक जोडपं, शेरा: फार सुंदर.
आणि अक्षर सगळ्यांचं एकच,
डावीकडे कललेलं,
ज्यासाठी तो छड्या खायचा.

मी गप्प राहिले. लॉर्नला कुठं धरवतं!
मेथोडीनं टोपी काढली, टोपीच्या आत बघत म्हणाला,
"जिल्ह्याची माणसं वही तपासायला येतात.
वर्षाला पन्नास पाहुणे लागतात,
नाहीतर छपराचे पैसे बंद.
गेल्या साली एकोणपन्नासच सुचले.
मग ओल्हाचं माहेरचं नाव घातलं.
ते काही खोटं नाही.
आहेच की ती इथं, कुंपणाच्या आत,
लायलॅकजवळ."

पेन सरकवलं आमच्याकडे.
आम्ही लिहिलं: नाव, गाव, तारीख.
चष्मा लावून त्यानं वाचलं
आणि तोंड वाकडं केलं.
"दोन वेगवेगळी अक्षरं.
कुणाला तरी संशय येईल."

रात्री वारा सुटला.
तंबू फुगला, कण्हला, झाडूनं धरून ठेवला.
उजाडता उजाडता मेथोडी दाराशी,
दाढी केलेला, कोटाची बटणं लावलेला.
झाडू परत हवा होता त्याला.
रविवार होता.