शेड्यूल केलेलं

कुतायसीच्या बिझनेस स्कूलमध्ये, दुसऱ्या मजल्यावर,
जिथला हीटर एकाच बाजूनं तापतो,
मी, नेस्तान, वय वर्षं अठ्ठावन्न,
सोशल मीडिया मार्केटिंग शिकवते.

हसू नका. मुलांचं हसून झालंय.
याच वर्गात, याच भिंतीपाशी उभी राहून
मी एकेकाळी पंचवार्षिक योजना शिकवायचे:
किती टन पोलाद, किती जोड बूट, कुठल्या तिमाहीत.
आता कंटेंट कॅलेंडर शिकवते.
चौकोन तेच. खडू गेला, मार्कर आला.
उद्दिष्ट गाठल्याचं कसं दाखवायचं
हे तेव्हाही कुणाला शिकवावं लागलं नव्हतं.

बाकी सगळं मुलांनीच मला शिकवलं.
फोन उभा धरायचा, आडवा नाही.
पहिल्या तीन सेकंदांत नजर पकडायची, नाहीतर गेली.
आणि वाक्याच्या शेवटी टिंब दिलं
की माणूस रागावलाय असं वाटतं.
म्हणजे तीस वर्षं मी
सगळ्यांना रागावूनच पत्रं लिहीत आले तर.

सत्राचा प्रकल्प: खराखुरा एक धंदा निवडा,
सहा आठवडे त्याचं पान चालवा.
कुणी मामाचं वाइनचं तळघर घेतलं,
कुणी नखं रंगवायचं दुकान.
म्झेकालानं घेतला वार्लाम,
पुलाशेजारचा किल्ल्या करणारा,
फोटो काढायचा म्हटलं की आधी हात पुसणारा.
"गिऱ्हाईक कशाला शोधायचं?" तो तिला म्हणाला,
"दार बंद झालं की लोक येतातच."
अहवालाच्या समासात मी लिहिलं:
हीच टॅगलाइन.

एका रविवारी बसून तिनं
सहाही आठवड्यांच्या पोस्ट लावून ठेवल्या.
शहाणी मुलगी. मीच सांगितलं होतं,
आयत्या वेळी डोकं चालत नाही.

चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी
वार्लाम गेला. स्टुलावर, बसल्या बसल्या.
बुधवारी सकाळी नऊला त्याचा फोटो आला,
तोंडात किल्ली धरलेली, दोन्ही हात कामात:
"बाहेर अडकलात? मी आहे"

चारशे लोकांनी बदाम दिले.
काहींना ठाऊक होतं, काहींना नव्हतं,
आकड्यावरून ते कळत नाही.

म्झेकाला माझ्या खोलीत आली, फोन पालथा धरून.
"मॅडम, अजून अकरा आहेत. काढून टाकू?
आणि रीच चौपट झालाय, तो धरायचा का?"
एका दमात विचारलं दोन्ही.
विसाव्या वर्षी दुःख आणि गुण
एकाच खिशात असतात. मी बोलले नाही.
"बायकोला विचारलंस त्याच्या?"
विचारलं होतं.
बायको म्हणाली, राहू देत.
नऊला मी कॉफी ठेवते. तेव्हा येतो तो.

माझ्या कपाटात टिपणांची एक वही आहे,
एक्याण्णव ते पंच्याण्णव, शेवटची योजना.
देश पहिल्याच डिसेंबरात संपला.
पुढची चार वर्षं मात्र माझ्या अक्षरात तयार आहेत:
त्र्याण्णवला आमच्या कारखान्यातून किती ट्रक निघणार,
चौऱ्याण्णवला किती.
रद्द करायला कुणी आलंच नाही.
ती वही मी म्झेकालाला दाखवायला काढली
आणि परत ठेवली. तिचा तास होता.

अकरावी पोस्ट आली त्या दिवशी
मुद्दाम पुलावरून घरी गेले.
शटर बंद. फटीतून कुणीतरी
किल्ली सरकवलेली, अर्धी आत, अर्धी बाहेर,
रबरानं गुंडाळलेली चिठ्ठी:
"अशा दोन हव्यात. घाई नाही."

गुणांचा रकाना अजून कोरा आहे.
त्या चिठ्ठीत दोन्ही वाक्यांना टिंब होतं.
कुणी रागावलेलं नव्हतं.