चालु

राजमणीची दाढ काढली काल.
डॉक्टर म्हणाले, दोन दिवस गार, पातळ द्या,
फार बोलू देऊ नका,
आणि स्ट्रॉ नको. चोखलं की रक्त येतं.

म्हणून त्रेचाळीस डिग्रीत, विडी घरकुलातल्या
या ओट्यापाशी मी उभा.
सत्तावीस वर्षांत इथं
चहाच्या पुढं काही केलेलं नाही.

अशोक चौकातल्या गाड्यावरून आठ चिकू आणले,
एकेक दाबून, टॉवेलचा ताणा बघतो तसे.
तरी दोन दगड निघाले. ते तांदळाच्या डब्यात पुरले.
दूध रात्रीच तापवून
गड्डमवहिनींच्या फ्रिजात ठेवलेलं.

भिवंडीहून अंबिका फोनवर:
नाना, सालं काढा. बिया मोजून काढा,
एक जरी राहिली तरी कडू होतं.
साखर आधी नको. चिकू चाखा, मग ठरवा.

साल बोटानंच निघते.
रंग हुबेहूब तिच्या तेंदूपानाचा.
आणि आत बी, काळी, चकचकीत,
दोन्ही टोकांना निमुळती.
अगं, हा तर धोटा!
ओट्यावर डावीकडून उजवीकडं पळवला मी तो,
खट्, खट्,
राजमणीनं कपाळाला हात लावला.

ती दाराशी बसलीय, सूप मांडीवर.
गालात कापूस, गाल फुगलेल्या पुरीचा,
पण हात थांबत नाहीत:
पान, तंबाखू, वळी, दोरा.
उद्या हजार द्यायच्यात.
दाढेला काय कळतंय हजार.

मधेच चिमूट दाखवते. वेलदोडा.
तळहात सपाट खाली. झाकण दाबून धर.
मला सगळं कळतं.
कारखान्यात बारा तास हातच बोलतात,
धागा तुटला, कांडी संपली,
मालक आला, चल जेवायला.
घरी ती तोंडानं बोलायची
आणि मी नुसता काय? काय?
माग कानात घेऊनच यायचो ना.
एवढी वर्षं, राजमणी,
हातानं सांगितलं असतंस तर.

मिक्सर एकदा उसळला, झाकण पळालं,
कॅलेंडरवरच्या देवावर शिंतोडे.
पुसले. पुन्हा लावला.
मग दूध आणि फळ वेगळं ओळखू येईना,
वर बारीक फेस आला,
ग्लासाला घाम फुटला.

तिनं ग्लास घ्यायला हात पुढं केला
आणि मागं घेतला, वास घेऊन.
लिंबानं धुतला तरी जात नाही तंबाखू,
घास नाकाशी नेला की आधी तोच.
मी म्हटलं, राहू दे. चमचा मी धरतो.

एक. दोन. डोळे मिटले तिनं.
पाचव्या चमच्याला बाहेर कुणीतरी हाक मारली,
आम्ही दोघंही बहिरे झालो.

सातव्याला कापसाआडून एक शब्द आला:
चालु.

आता आमच्या घरात हा शब्द दोन्हीकडून येतो.
मराठीत म्हणजे सुरू ठेव,
आईच्या भाषेत म्हणजे पुरे.
एवढ्यावरून भांडलोय आम्ही
नळावर, पंख्यावर, एकदा तर अंबिकाच्या लग्नात, वाढप्यासमोर.

चमचा हवेतच धरून मी विचारलं,
त्यांचं की आपलं?

हसू आवरायला तिनं गाल धरला
आणि तोंड उघडलं.